काट्यांनी मढवलेली मिकमाक डबी: कोकणातल्या पावसाळ्यात काय करावं, काय करू नये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाला देतेय ते स्पष्ट राहील. मुलगी कॅनडातल्या हॅलिफॅक्सला शिकते. तिनं तिथल्या एका मिकमाक (कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी) कलाकार बाईंकडून बर्चच्या सालीची, साळिंदराच्या रंगीत काट्यांनी मढवलेली छोटी गोल डबी आणली. डबी चिपळूणच्या घरी शोकेसमध्ये ठेवली. यंदाच्या पावसात झाकणाच्या कडेला पांढुरकं काहीतरी धरलंय आणि एकदोन काटे उचलले गेलेत. वार्निशचा किंवा खोबरेल तेलाचा हात द्यावा का, सुटलेले काटे फेविक्विकनं बसवावेत का, असं तुम्ही विचारताय. शिवाय बागेत साळिंदराचे काटे पुष्कळ सापडतात, तर अशी डबी घरी करता येईल का, हेही. घरच्यांना किंमत जरा जास्तच वाटली, असंही तुम्ही लिहिलंय. त्यावरही बोलू.

आधी झटपट उत्तरं. वार्निश नको, तेल नको, फेविक्विक तर अजिबात नको. काटा पूर्ण निघून हातात आला तर कागदाच्या पुडीत घालून डबीजवळ ठेवा. आणि तुमच्या बागेतल्या काट्यांनी अशी डबी होणार नाही.

मी स्वतः ही कला करत नाही. संग्रहालयांतल्या लाकूड, कातडं, साल, पिसं असल्या सेंद्रिय वस्तूंचं जतन करणं हा माझा व्यवसाय. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याकडे काम करताना मिकमाक डब्या, खुर्च्यांच्या मढवलेल्या पाठी, चहाच्या किटलीवरची झाकणं माझ्या टेबलावर येत राहिली. त्या बघायला आजचे कलाकारही येत. आज मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्यांना वस्तू न्याहाळताना बघून कळलेलं आहे.

तुम्हाला बुरशीची काळजी वाटतेय, आणि ती रास्तच आहे. पण खरी अडचण बुरशीच्या आधीची आहे. ही डबी एका पदार्थाची नाही. साल, काटे, मुळं आणि लाकूड असे चार पदार्थ तिच्यात एकमेकांना धरून बसलेत आणि दमट हवेत चौघंही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आकसतात. डबी कशी बांधलेली असते हे कळलं की काय करायचं नाही ते आपोआप कळतं, म्हणून इथे जरा थांबते.

उत्तर अमेरिकेतलं साळिंदर आपल्यापेक्षा वेगळं. ते झाडावर चढतं आणि त्याच्या अंगावर तीस हजारांच्या आसपास काटे असतात असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. काटे बारीक, फार तर बोटभर लांब, पांढुरके, टोकाशी काळे. टोकाला सूक्ष्म उलटे दाते असतात, त्यामुळे ते हातात रुतले की पुढेच सरकत जातात. रस्त्यावर गाडीखाली मेलेली साळिंदरं हा आजच्या कलाकारांचा काटे मिळवायचा एक नेहमीचा मार्ग. जिवंत जनावरावर घोंगडी टाकून, तिला चिकटलेले काटे वेचून घ्यायचीही रीत आहे. जनावर आपल्या वाटेनं निघून जातं. मग काटे साबणाच्या पाण्यात धुऊन तेलकटपणा घालवायचा, लांबी-जाडीप्रमाणे निवडायचे, रंगवायचे. हे निवडणं फार वेळखाऊ. एका ओळीतले काटे सारख्या जाडीचे नसले तर नक्षी डोळ्याला खुपते.

साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढतात. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि बाहेरचा थर सहज सुटतो. आतल्या जिवंत थराला धक्का लागला नाही तर झाड जगतं. आपल्याकडे ज्या भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या गेल्या ते हिमालयातलं भूर्ज याच कुळातलं, पण ती साल लिहिण्यासाठी पातळ पापुद्र्यांत सोडवलेली. इथे जाड, अनेक पदरी साल लागते, कारण तिला शेकडो भोकं सोसायची असतात.

आता मुख्य काम. काटा पाण्यात भिजवून मऊ करतात. सालीला बारीक आरीनं भोक पाडायचं, काट्याचं एक टोक त्यात घालायचं, काटा पृष्ठभागावरून नेऊन दुसऱ्या भोकात दुसरं टोक घालायचं. शेजारी लगेच पुढचा काटा. साल आणि काटा वाळले की टोकं भोकात घट्ट बसतात. मागून निघालेली टोकं छाटतात आणि त्यावर दुसऱ्या सालीचं अस्तर लावतात. या नक्षीत कुठे गाठ नाही, कुठे गोंद नाही. प्रेअरीकडच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या मूळ रहिवाशांच्या कामात काटे चपटे करतात. मिकमाक सालीच्या कामात ते गोलच राहतात, आणि झाकण तिरपं धरल्यावर जी चमक दिसते ती या गोलाईची. झाकणाच्या आणि डबीच्या बाजूंना स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या चिरलेल्या मुळ्या गुंडाळलेल्या असतात. तळाला बहुधा लाकडाची चकती.

म्हणजे काटा टिकतो तो फक्त भोकाच्या पकडीवर. हवा फार दमट झाली की काटा पुन्हा मऊ होतो आणि पकड सैलावते. मग एकदम कोरडी झाली, समजा तुम्ही डबी उन्हात ठेवलीत, तर सालीचे पदर वळू लागतात आणि सैल झालेला काटा उडी मारून वर येतो. तुमचे ते एकदोन काटे असेच उचलले गेले असावेत. अशा काट्यावर फेविक्विकचा थेंब पडला की तो सालीत झिरपतो, कडक होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात आजूबाजूचे काटे हलले तरी हा हलत नाही. परिणाम म्हणजे साल तिथेच चिरते. वार्निशनं हेच संकट सगळ्या झाकणावर पसरतं, वर काट्यांची चमक मरते. खोबरेल तेलाची गत तुम्हाला घरच्या अनुभवानं माहीत आहेच: ते खवट होतं, धूळ धरतं आणि किड्यामुंग्यांना आमंत्रण देतं. काटे म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन. त्यांना तेलाची गरज नाही.

पुढचं मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहे. खोली समुद्राकडे उघडते का, एसी रोज लागतो का, शोकेस बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेलं आहे का, यावर उत्तर बदलतं. हीच डबी नागपूरला असती तर मी मे महिन्याच्या कोरड्या झळांबद्दल लिहिलं असतं. कोकणासाठी माझा सल्ला असा.

ऑनलाइन मिळतो तसा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या आणि आठवडाभर डबीशेजारी ठेवा. आर्द्रता पंचेचाळीस ते साठ टक्क्यांच्या मधे राहिली तर उत्तम. पासष्टच्या वर सतत राहिली तर बुरशी धरणारच. जून ते सप्टेंबर चिपळूणला उघड्या हवेत हे साधणं अशक्य, तेव्हा या चार महिन्यांसाठी डबी शोकेसमधून काढा. झाकण चांगलं बसणारा, अन्नासाठी वापरतात तसा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात धुऊन खळ काढलेलं पांढरं सुती कापड अंथरा, मिकमाक डबी आणि तिचं झाकण वेगवेगळं ठेवा, सिलिका जेलच्या दोनतीन लहान पुड्या आणि तो हायग्रोमीटर आत टाका. आकडा चाळीसच्या खाली घसरला तर एक पुडी काढून घ्या. लोक उत्साहानं मूठभर पुड्या भरतात आणि दोन दिवसांत साल तडकते, हे मी पाहिलेलं आहे. कोरडं करण्यापेक्षा स्थिर ठेवणं जास्त महत्त्वाचं. एसी चार तास चालू आणि वीस तास बंद, यापेक्षा एसी नसलेला आतला कोपरा बरा. आणि तळमजल्यावर राहत असाल तर डबा वरच्या फळीवर असू द्या. जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणकरांना हे मी सांगायला नको.

आत्ता जी पांढुरकी बुरशी आहे ती अशी काढा. डबी सावलीत, वारा खेळता असेल तिथे दोनतीन दिवस ठेवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. बुरशी कोरडी, भुरभुरीत झाली की घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला मास्क लावून, जलरंगाच्या मऊ ब्रशनं काट्यांच्या दिशेनं हलकेच झटका. आडवा ब्रश मारला तर सैल काटे अडकून निघतील. पाण्याचा बोळा फिरवू नका, स्पिरिटचा तर नाहीच: रंगवलेल्या काट्यांचा रंग उतरून शेजारच्या पांढऱ्या काट्यांवर जातो आणि तो पुन्हा निघत नाही. बर्चच्या सालीत बुरशीला विरोध करणारे घटक असतात, त्यामुळे बुरशी बहुतेक वेळा मुळ्यांवर आणि लाकडावर धरते. तुम्हालाही ती कडेलाच दिसली, ते त्यामुळेच.

कीड ही बुरशीपेक्षा वाईट गोष्ट. काटे, लोकर, पिसं, केस खाणारे छोटे भुंगेरे आणि कसर आपल्या घरांत असतातच. डबीखाली बारीक भुकटी पडलेली दिसली, तपकिरी केसाळ अळीची कात सापडली, किंवा काट्यावर कुरतडल्याची खाच दिसली तर वाट पाहू नका. डबी आणि झाकण वेगळं करून पातळ कागदात गुंडाळा, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये, उणे अठरा-वीस अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, डबीवर नाही. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी मटार समजून कढईजवळ नेईल. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात पुरेशी थंडी टिकत नाही, त्यामुळे ओळखीच्या दुकानदाराचा डीप फ्रीझर मिळाला तर बघा. डांबर गोळ्या डबीत टाकू नका. वेखंडाची पूड कपाटात चालेल, काट्यांवर पडता कामा नये.

उजेडाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला विचाराल तर दहा वर्षांनी तुम्हाला हळहळ वाटेल ती उजेडामुळे. शोकेसमधला दिवा बंद ठेवा आणि खिडकीचं ऊन डबीवर पडू देऊ नका. जुन्या डब्यांचं अस्तर सुटलेलं असलं की मागच्या बाजूला काट्यांची छाटलेली टोकं दिसतात, आणि तिथला रंग अजून ताजा असतो. पुढून फिकट बदामी दिसणारं झाकण मागून लाल-जांभळं निघतं. १८५६ नंतर कृत्रिम रंग बाजारात आले, ते मिकमाक स्त्रियांनीही वापरले. त्यांतले कितीतरी उजेडानं उडाले. त्याआधी पिवळ्यासाठी गोल्डथ्रेड नावाच्या छोट्या रोपाची मुळं, लालसाठी बेडस्ट्रॉची मुळं असे वनस्पतींचे रंग चालत. तुमच्या डबीचे रंग कोणते, ते करणाऱ्या बाईच सांगू शकतील. त्यावरून ती किती काळ उघडी ठेवायची हे ठरवा. संग्रहालयात आम्ही अशा वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश जाऊ देत नाही, आणि तोही कायम नाही. घरी सोपा उपाय म्हणजे पाहुणे आले की दाखवायची, एरवी डब्यात.

आता मी इतक्या ठासून ‘दुरुस्ती नको’ का म्हणते, याचं एक कारण डबीच्या पलीकडचं आहे. १६०६ मध्ये पोर्ट रॉयलला, आजच्या नोव्हा स्कोशियातल्या फ्रेंच वसाहतीत, आलेला फ्रेंच वकील मार्क लेस्कार्बो याच्या वृत्तांतात रंगवलेल्या साळिंदराच्या काट्यांचं वर्णन आहे, म्हणजे कला त्याहून जुनी. सालीवरचं काम पुढे युरोपी गिऱ्हाइकांसाठी वाढलं. शिकारीची जमीन हातातून गेल्यावर एकोणिसाव्या शतकात हॅलिफॅक्सच्या लष्करी अधिकाऱ्यांना आणि प्रवाशांना विकलेल्या डब्या, खुर्चीच्या पाठी हे मिकमाक स्त्रियांच्या कमाईचं एक साधन होतं. नोव्हा स्कोशियातल्या ब्रिजवॉटरच्या डेब्रिझे म्युझियममध्ये क्रिस्टियान मॉरिस यांनी १८६८ च्या सुमारास काट्यांनी मढवलेला पाळणा आहे. आपल्याला नाव माहीत असलेल्या मोजक्या जुन्या कारागिरांपैकी त्या एक. बाकी असंख्य वस्तूंच्या चिठ्ठीवर खरेदी करणाऱ्या साहेबाचं नाव असतं, करणारीचं नसतं. विसाव्या शतकात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणारी शुबेनाकॅडीची निवासी शाळा, १९३० ते १९६७, आणि १९४० च्या दशकात सरकारनं कुटुंबांना उठवून मोजक्या वस्त्यांत नेणं, यांनी आजी-नातीतलं शिकणं ठिकठिकाणी तोडलं.

त्यामुळे आजच्या कलाकारांना निम्मी विद्या जुन्या वस्तूंकडून घ्यावी लागली. प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या मेलिसा पीटर-पॉल, के सार्क आणि शेरिल सायमन या तिघींनी ‘मातुएस रिव्हिजिटेड’ नावाचं एकत्र प्रदर्शन केलं. मातुएस म्हणजे साळिंदर. गंमत अशी की त्यांच्या बेटावर साळिंदर नाही, काट्यांसाठी मुख्य भूमीकडे बघावं लागतं. न्यूफाउंडलंडचे जॉर्डन बेनेट याच कामातली भूमिती घेऊन मोठाली चित्रं रंगवतात. ही मंडळी संग्रहालयात जुनी डबी बघतात तेव्हा पुढची नक्षी थोडा वेळ बघतात आणि मग उलटी करून द्यायला सांगतात. भोकांमधलं अंतर किती, काटा कोणत्या बाजूनं आत गेला, एका भोकात दोन टोकं आहेत का, कोपऱ्यावर ओळ कशी वळवली, हे सगळं मागे लिहिलेलं असतं. माझ्याआधीच्या कोणी प्रेमानं गोंद ओतलेला असला तर तिथे वाचायला काही उरत नाही. तुमची डबी आज नवी आहे. पन्नास वर्षांनी ती कोणीतरी अशीच उलटी करून बघेल, हे धरून वागा.

काटे अगदीच गळू लागले तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात विचारा, आणि त्याआधी डबी करणाऱ्या बाईंना फोटो पाठवा. काटा परत बसवायचा योग्य माणूस त्याच. मी टेबलावर बसून जे ठरवीन त्यापेक्षा त्यांचा हात खात्रीचा.

तुमच्या बागेतल्या काट्यांचं. आपलं साळिंदर म्हणजे नारळी-पोफळीची रोपं रात्रीत साफ करणारं ते, जमिनीवरचं. त्याचे काटे वीतभर आणि त्याहून लांब, जाड, काळे-पांढरे पट्टे असलेले आणि ताठ. ते कितीही भिजवले तरी बारीक भोकातून वळवून नेता येत नाहीत. सीमंतोन्नयनात पत्नीचा भांग पाडायला गृह्यसूत्रांनी सांगितलेला साळिंदराचा काटा हाच. तिथे त्याचा ताठपणाच कामाचा होता. शिवाय हे साळिंदर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. पडलेले काटे गोळा करून वस्तू बनवण्याआधी, विकणं तर दूरच, वनखात्याला विचारा. कॅनडात मुलीला भेटायला जाताना बाईंना भेट म्हणून काटे नेण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडा.

हात शिवशिवतच असतील तर मुलीला शिकू द्या. काही मिकमाक कलाकार कार्यशाळा घेतात, बाहेरच्यांना घेतात की नाही हे ज्या त्या कलाकारावर आणि वस्तीवर अवलंबून. शिकून घरापुरती छोटी चकती करणं वेगळं आणि त्यांची नक्षी उचलून ‘मिकमाक डबी’ म्हणून विकणं वेगळं. दुसऱ्याला माझा विरोध आहे.

किमतीबद्दल: जनावर मिळण्यापासून काटे निवडण्यापर्यंत, साल काढायचे ते थोडे आठवडे, मुळं खणून सोलून चिरणं, आणि मग एकेक भोक. तुम्ही मोजताय ती फक्त शेवटची पायरी. खात्रीच करायची असेल तर झाकणाच्या एका इंचात किती काटे आहेत ते भिंगातून मोजा आणि घरच्यांना मोजायला लावा.

आणखी एक ओळख सांगून ठेवते, कारण पुढे कोणी तुम्हाला दुसरी ‘तशीच’ डबी विकायला बघेल. कडेला सुवासिक गवताची वेणी काळ्या दोऱ्यानं शिवलेली असेल आणि झाकणावर अस्वल, बदक किंवा फूल असेल, तर ती बहुधा ग्रेट लेक्सकडच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या भागातल्या, ओडावा किंवा ओजिब्वे लोकांची. तीही सुंदर, पण परंपरा वेगळी. मिकमाक कामात बहुतेक वेळा सगळं झाकण काट्यांनी भरलेलं असतं, नक्षी भौमितिक, चांदण्या, चौकटी, शेवरॉनचे (इंग्रजी V सारखे) पट्टे, आणि कडेला मुळ्या. बाजारात फार जुनी म्हणून मिळालेली डबी हाताळताना हातमोजे घाला. पूर्वी संग्राहक किडीसाठी आर्सेनिक वापरत. तुमच्या नव्या डबीला ही भीती नाही.

मुलीशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा तिच्याकडून एवढं मागून घ्या: बाईंचं नाव, त्यांची वस्ती, कोणत्या वर्षी केली, रंग कोणते वापरले, साल आणि काटे कुठले, आणि नक्षीला त्या काही नाव देतात का. बाईंची हरकत नसेल तर त्यांच्याच अक्षरात लिहून. ते मऊ पेन्सिलीनं साध्या पांढऱ्या कागदावर उतरवून सुती कापडाखाली ठेवा. शाईचं पेन नको, दमट हवेत शाई फुटते. सुटलेल्या काट्यांच्या पुडीवरही तारीख आणि काटा झाकणाच्या कुठल्या भागातून निघाला ते लिहा, आणि आत्ता, ब्रश लावण्याआधी, झाकणाचे पुढून-मागून चार फोटो काढून ठेवा.